मेदाचे कोठार



आपल्याकडील जुन्या वाड्यांत जमिनीखाली पेव असे आणि माजघरात कणगी असे. पेवातील ज्वारी तोंड लिंपून ठेवावयाची आणि अवर्षण पडले म्हणजेच बाहेर काढावयाची. कणगीतील धान्य मात्र रोज काढावयाचे आणि सुगीला पुन्हा भरावयाचे. धान्य तेच, पण साठविण्याच्या रीती दोन. आपल्या शरीरातही निसर्गाने असाच एक साठा ठेविला आहे. वैद्यकात त्याला मेद म्हणतात. व्यवहारात आपण चरबी म्हणतो. हा साठा पेवासारखा आहे की कणगीसारखा, त्याची किल्ली कोणाच्या कमरेला असते, आणि तो भरून ओसंडू लागला म्हणजे सांडते कोठे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविण्यात शास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्या खपल्या. त्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ही हकीकत केवळ कुतूहलाची नाही. पोटाची तपासणी करून आलेल्या माणसाच्या अहवालात ‘यकृतात मेद आढळतो’ असे वाक्य हल्ली पुष्कळदा असते. माणूस लठ्ठ असला तर घरची मंडळी त्याला खादाड ठरवून मोकळी होतात. सडपातळ असला तर अहवालच चुकला असावा असे म्हणून कागद फडताळात ठेवितात. हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत, आणि ते का घाईचे आहेत हे त्या शास्त्राचा इतिहास पाहिल्यावाचून नीटसे उमजत नाही.

आपल्या पूर्वजांना मेद अपरिचित नव्हता. आयुर्वेदाने सप्तधातूंत त्याची गणना केली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य शरीराच्या आठ प्रकारांचा विचार केलेला आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही आहेत. फार साठा व फार तूट ही दोन्ही दूषणेच, हे तारतम्य त्या काळीही होते. परंतु मेद म्हणजे वस्तुतः कोणता पदार्थ, हे सांगावयास रसायनशास्त्र जन्मास यावे लागले.

ते काम फ्रान्समधील मिशेल शेव्हरल याने केले. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला व १०२ वर्षे जगला. साबण कसा होतो याचा छडा लावताना त्याला आढळून आले की, कोणतीही चरबी अगर तेल फोडले असता त्यातून दोन प्रकारचे पदार्थ निघतात: ग्लिसरीन आणि मेदाम्ले. त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या, अशी या पदार्थाची घडण आहे हे पुढे निश्चित झाले. शेंगदाण्याचे तेल, गाईचे तूप, तिळाचे तेल आणि माणसाच्या कातडीखालची चरबी, या सर्वांची घडण मुळात हीच. साखळ्या आखूड की लांब, आणि त्यांत हायड्रोजनचे अणू पुरते भरलेले की काही जागा रिकाम्या, एवढ्यावरून तेल पातळ राहते की तूप थिजते हे ठरते.

ही गोष्ट खानदेशाला नवी वाटू नये. १९४५ च्या डिसेंबरात मोहंमद हाशम प्रेमजी यांनी, त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील अमळनेर येथे, ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. तेलातील रिकाम्या जागांत निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन भरावयाचा आणि पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप करावयाचे, हा तिचा उद्योग होता. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या धंद्यात जगभर पसरली. तेलात हायड्रोजन भरण्याची ही युक्ती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. मेदाच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा प्रयोग याच युक्तीवर उभा आहे, आणि त्याकडे आपणांस लवकरच यावयाचे आहे.

मेदाची घडण कळली तरी तो शरीरात येतो कोठून, हा वाद राहिलाच. १८४० च्या सुमारास फ्रान्समधील द्यूमा व बूसँगो या पंडितांचे म्हणणे असे की, मेद तयार करण्याचे सामर्थ्य केवळ वनस्पतींत आहे. प्राणी तो आयता खातात व साठवितात. जर्मनीतील लीबिग याचे मत याच्या उलट होते. गुरे गवत खातात, गवतात चरबी ती किती? तेव्हा पिष्ट व शर्करा यांपासून प्राणी स्वतःच मेद बनवीत असले पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद होता. वाद बराच कडू झाला. अखेर बूसँगोने स्वतः डुकरे पाळून त्यांच्या खाण्यातील मेद मोजला व अंगावर चढलेलाही मोजला. चढलेला मेद खाल्लेल्याहून अधिक भरला, आणि लीबिगचे म्हणणे खरे ठरले. तेल-तूप वर्ज्य करून साखर व पिठूळ पदार्थ भरपूर खाल्ले तरी मेद वाढतो, या गोष्टीचा पुरावा आज पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. तरीही अनेक घरांत तुपाचा चमचा मोजला जातो आणि चहातील साखर मोजली जात नाही.

येथे एक शंका सहज उद्भवते. शर्करा जर खाण्यात येते, तर शरीराने ती शर्करेच्याच रूपाने का साठवू नये? तिचा मेद करण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर जळगावच्या बाजारात मिळते. केळे आपली शिदोरी पिष्टाच्या रूपाने साठविते, आणि ते पिकले म्हणजे त्या पिष्टाची साखर होते. परंतु पिकल्या केळ्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणी असतो. भुईमूग आपली शिदोरी तेलाच्या रूपाने साठवितो. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते व पाणी अगदी थोडे. मूठभर दाण्यांत जी शक्ती मावते ती केळ्यांतून घ्यावयाची तर दोन-तीन केळी लागतील. एक ग्रॅम मेद जाळला असता सुमारे ९ किलोकॅलरी उष्णता मिळते, शर्करेपासून सुमारे ४. शिवाय शर्करेच्या साठ्याबरोबर पाण्याचे ओझे येते ते निराळेच. मध्यम बांध्याच्या माणसाच्या अंगावर दहा-बारा किलो मेद असतो. तीच शक्ती शर्करेच्या रूपाने वागवावयाची ठरली, तर त्याला आपल्या वजनाहून मोठे ओझे घेऊन हिंडावे लागेल. ज्या जीवाला चालावयाचे आहे त्याने मेद साठवावा, हा निसर्गाचा हिशेब चोख आहे.

तथापि शर्करेचाही एक लहानसा साठा शरीरात आहे, आणि तो शोधून काढण्याचे श्रेय क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाचे आहे. १८४८ साली त्याने कुत्र्याला निव्वळ मांस खाऊ घातले आणि यकृतातून बाहेर पडणारे रक्त तपासले. खाण्यात साखर नसताना त्या रक्तात साखर होती! पुढे १८५७ पर्यंत त्याने यकृतातील ग्लायकोजन हा पदार्थ वेगळा काढून दाखविला. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा, म्हणजे एका दिवसाच्या उपासाला जेमतेम पुरणारा. यकृत हे पित्त गाळणारे एक इंद्रिय एवढीच समजूत तोवर होती. बर्नारने त्याला भांडारगृहाच्या कारभाऱ्याची पदवी दिली. खाल्लेले अन्न आतड्यांतून शोषले गेले म्हणजे शर्करा आधी यकृताच्या दारी येते. तेथे ग्लायकोजनची कोठी भरली की उरलेल्या शर्करेपासून यकृत मेद बनविते. परंतु तो स्वतःजवळ ठेवावयाचा नसतो, वेष्टणात बांधून रक्तावाटे मेदपेशींकडे रवाना करावयाचा असतो. कारभाऱ्याने मालाची पाठवणी करावी, स्वतःच्या ओसरीवर पोती रचू नयेत, असा हा धारा आहे.

तो धारा मोडला म्हणजे काय होते, हे रोग्यांच्या शवपरीक्षेतून डॉक्टरांना माहीत होते. इंग्लंडात थॉमस ॲडिसनने मद्यपी माणसांच्या मेदयुक्त यकृताचे वर्णन १८३६ साली केले. त्यामुळे यकृतात मेद म्हणजे दारू, असे समीकरण पुढे पुष्कळ काळ रूढ राहिले. त्याला पहिला मोठा धक्का कॅनडातील टोरँटो शहरी बसला. तेथे १९२१ साली बँटिंग, बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन मिळविले, आणि १९२२ च्या जानेवारीत मधुमेहाने मरणोन्मुख झालेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला ते टोचण्यात आले. या शोधाची कीर्ती सर्वत्र आहे. त्याच्या पोटातून निघालेला दुसरा शोध मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो. स्वादुपिंड काढून टाकलेली कुत्री इन्सुलिनवर जगू लागली, पण काही महिन्यांनी त्यांची यकृते मेदाने भरून येऊ लागली. साखर ताब्यात आहे, अन्न पोटभर आहे, दारूचा संबंध नाही, मग हे का? कच्चे स्वादुपिंड खाऊ घातले की कुत्री सुधारत. चार्ल्स बेस्ट व हर्शी यांनी १९३२ साली दाखवून दिले की, यात गुणकारी द्रव्य कोलीन हे आहे. मेदाची पाठवणी करण्यास वेष्टण लागते, आणि त्या वेष्टणासाठी हे द्रव्य लागते. वेष्टण नसेल तर माल यकृतातच तुंबून राहतो. त्याच सुमारास, १९३३ साली, सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आज घाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलुखातील कुपोषित बालकांच्या एका रोगाचे वर्णन केले. त्या सुजलेल्या, अर्धपोटी बालकांची यकृतेही मेदाने भरलेली होती. तात्पर्य, यकृतातील मेद हा चैनीचाच रोग आहे असे नव्हे. अन्नाच्या तुटीनेही तो जडतो.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ: पेव की कणगी? १९३५ पर्यंत बहुतेकांचे उत्तर ‘पेव’ असे होते. मेद हा निश्चेष्ट साठा, तो उपासमार झाली म्हणजेच उघडावयाचा, अशी समजूत होती. ती मोडली रुडॉल्फ शोनहायमर याने. हा ज्यू शास्त्रज्ञ १९३३ साली जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला. त्याच विद्यापीठात हॅरोल्ड यूरी यांनी १९३१ साली जड हायड्रोजन शोधला होता. हा हायड्रोजन रसायनशास्त्राच्या दृष्टीने साध्या हायड्रोजनसारखाच वागतो, पण वजनाने दुप्पट असल्यामुळे ओळखता येतो. शोनहायमर आणि रिटेनबर्ग यांनी जवसाचे तेल घेतले आणि त्यातील रिकाम्या जागांत हा जड हायड्रोजन भरला. अमळनेरच्या कारखान्यात पुढे जी क्रिया मोठ्या टाक्यांत होऊ लागली, तीच ही. फक्त येथे प्रत्येक कणावर जणू ओळखीचा शिक्का बसला होता. हे तेल त्यांनी उंदरांना बेताच्या अन्नाबरोबर खाऊ घातले. अन्न इतके बेताचे असल्यामुळे खाल्लेले तेल ताबडतोब जळून जावयास हवे होते. परंतु शिक्क्याचा बहुतेक मेद उंदरांच्या चरबीच्या साठ्यात जाऊन बसलेला आढळला! म्हणजे नवा माल कोठारात जात होता आणि जळत होता तो कोठारातील जुना माल.

जळगाव अगर धुळे येथील कापसाच्या बाजारात ऐन हंगामात ज्याने वखार पाहिली आहे, त्याला हे चटकन कळेल. वखार सकाळी भरलेली, संध्याकाळीही भरलेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गाठ हललीच नाही. वस्तुतः सकाळच्या गाठी रवाना होऊन नव्या आलेल्या असतात. शरीराचा मेद असाच अखंड येत-जात असतो. शोनहायमर १९४१ साली वारला. शरीरातील द्रव्यांच्या या अखंड उलाढालीवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९४२ साली निघाला. पेवाची कल्पना तेथे संपली आणि मेद ही कणगी ठरली.

कणगी म्हटली की किल्ली आली. ही किल्ली मुख्यतः इन्सुलिनच्या हाती आहे असे पुढील संशोधनाने दाखविले. जेवण झाले, रक्तात शर्करा वाढली, की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. ते मेदपेशीला सांगते की, आवक घे व जावक बंद कर. उपास पडला, धावपळ झाली अगर भय वाटले, की इन्सुलिन ओसरते आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये उलट हुकूम देतात. मग पेशीतील मेद फुटून मेदाम्ले रक्तात उतरतात व स्नायूंना इंधन पुरवितात. रक्तात वाहणारी ही मोकळी मेदाम्ले १९५६ साली अमेरिकेत डोल यांनी आणि स्वतंत्रपणे गॉर्डन यांनी मोजून दाखविली. पेशीच्या आत मेदाचा जो थेंब असतो त्याला प्रथिनाचा पातळ लेप असतो. त्यातील पेरिलिपिन नावाचे प्रथिन १९९१ साली सापडले. ते दारावरच्या पहारेकऱ्यासारखे असून, हुकूम येईपर्यंत मेद फोडणाऱ्या द्रव्यांना थेंबाला हात लावू देत नाही. भुईमुगाच्या दाण्यातील तेलाच्या थेंबांनाही असाच प्रथिनाचा लेप असतो. बी आणि माणूस, दोघांनी कोठाराच्या रक्षणासाठी योजलेली युक्ती एकाच जातीची आहे.

यकृतातही असाच बंदोबस्त आहे. शर्करा विपुल असली म्हणजे यकृतात मेद बनविण्याचे काम चालते, आणि त्या कामात मधल्या पायरीवर जो पदार्थ तयार होतो तोच मेद जाळण्याचा दरवाजा लावून घेतो. हे मॅकगॅरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली सिद्ध केले. एकाच वेळी बनविणे आणि जाळणे हा आतबट्ट्याचा धंदा यकृत करीत नाही. पण याचाच अर्थ असा की, दिवसभर थोडेथोडे गोड पोटात जात राहिले, तर जाळण्याचा दरवाजा दिवसभर लागलेलाच राहतो.

मेदपेशी केवळ हुकुमाची ताबेदार आहे असे मानले जाई. तेही खरे ठरले नाही. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत उंदरांची एक अनावर लठ्ठ जात निपजली होती व तिचे वर्णन १९५० साली प्रसिद्ध झाले होते. या उंदराचे रक्ताभिसरण सामान्य उंदराशी जोडले असता त्याची भूक आटोक्यात येते, असे डग्लस कोलमन यांनी दाखविले. म्हणजे सामान्य उंदराच्या रक्तातून काही निरोप येत असला पाहिजे. जेफ्री फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली तो निरोप शोधून काढला. त्याला लेप्टिन हे नाव मिळाले, आणि तो पाठविणारी स्वतः मेदपेशीच निघाली! कोठार भरले आहे, आता भूक आवर, असा संदेश ती मेंदूला धाडीत असते. मेद हे एक बोलके, जागे इंद्रिय आहे हे तेव्हापासून सर्वमान्य झाले.

या कोठारात खोल्या किती, याचाही हिशेब लागला आहे. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी वातावरणात अणुबाँबचे स्फोट केले. त्यामुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बन वाढला व अन्नावाटे तो माणसांच्या पेशींत शिरला. त्याच्या प्रमाणावरून पेशीचे जन्मवर्ष काढता येते. या रीतीने स्टॉकहोम येथील कर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली दाखविले की, प्रौढ माणसात दरसाल सुमारे दहावा हिस्सा मेदपेशी मरतात व तितक्याच नव्या येतात. एकूण संख्या मात्र जवळजवळ कायम राहते. वजन पुष्कळ उतरले तरी खोल्या तितक्याच राहतात, फक्त रिकाम्या होतात. ही संख्या बालपणी व कुमारवयात ठरून गेलेली असते.

आता तिसरा प्रश्न: कोठार भरले अगर मुळातच अपुरे असले तर मेद सांडतो कोठे? मार्सेय येथील डॉ. जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहिले होते की, मेद किती यापेक्षा तो अंगावर कोठे बसला याला अधिक महत्त्व आहे. कमरेखाली बसलेला मेद फारसा त्रास देत नाही, पोटाभोवती जमलेला रोग आणितो. याचे अत्यंत बोलके प्रमाण २००० साली मिळाले. ज्यांच्या अंगी मेदपेशी जवळजवळ नाहीतच असे उंदीर अमेरिकेत तयार करण्यात आले होते. सामान्य माणसाला वाटेल, हे उंदीर निरोगी असावेत. प्रत्यक्षात त्यांना तीव्र मधुमेह झाला आणि त्यांची यकृते मेदाने भरून गेली. मग दुसऱ्या उंदरांची चरबी त्यांच्या कातडीखाली बसविली, तेव्हा त्यांचा मधुमेह हटला व यकृतेही सुधारली. कोठार नसणे हे कोठार भरलेले असण्याइतकेच घातक ठरले.

माणसांतही हाच न्याय चालतो. १९८० साली मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी दारू न घेणाऱ्या २० रुग्णांचे वर्णन केले. त्यांची यकृते मद्यप्याच्या यकृतासारखी मेदयुक्त व सुजलेली होती. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा नऊ रुग्णांच्या यकृतातील मेदाचा माग काढला. सुमारे ५९ टक्के मेद मेदपेशींतून गळून आलेला, सुमारे २६ टक्के यकृताने शर्करादिकांपासून स्वतः बनविलेला, आणि ताटातील तेल-तुपातून थेट आलेला अवघा १५ टक्के निघाला. म्हणजे दोष बहुतांशी गळक्या कोठाराचा व गोडाचा असतो, एकट्या फोडणीचा नसतो. दारूच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग इतका बदलला की, २०२३ साली तज्ज्ञांनी त्याचे नावच बदलून चयापचयाशी जोडले.

येथे हा इतिहास आपल्या दारी येतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास आरंभिला. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल वगैरे मंडळी त्यांत सहकारी होती. त्या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. बाळे लहान, त्यांचे स्नायू तुटपुंजे, पण पाठीवरील कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने राखलेला! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला ‘कृश-मेदयुक्त भारतीय बालक’ असे नाव पडले. पुढल्याच वर्षी डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात आपले शेजारी शेजारी छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बाहेरून सारखी दिसणारी दोन माणसे, पण आतला साठा एकाचा दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक! काटा खोटे बोलत नाही. पण तो अर्धेच बोलतो. काटकुळ्या दिसणाऱ्या माणसाच्या अहवालात यकृतातील मेद निघतो, त्याचे मर्म या चित्रात आहे.

हे असे का घडले असावे? १९६२ साली जेम्स नील यांनी सुचविले की, दुष्काळांत टिकून राहिलेल्या कुळांत काटकसरी आनुवंशिक गुण उतरत असावेत. १९९२ साली हेल्स व बार्कर यांनी निराळा विचार मांडला: आईच्या पोटी उपास घडलेले बाळ पुढील आयुष्यही टंचाईचेच असेल असे गृहीत धरून आपली घडण करते, आणि नंतर सुबत्ता आली की तीच घडण त्याला बाधते. आपल्या खानदेशाने १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ भोगला आहे. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून शेजारच्या गुजरातेत तो ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. तेवढ्यावरून आजच्या प्रत्येक रोगाचे खापर त्या दुष्काळावर फोडणे हे इतिहासाला सोडून होईल. परंतु दुष्काळ सरकारी कागदांतच पडतो असे नाही. तो घराघरांतून, पानांच्या पंक्तीतही पडत असतो. कणगी भरलेली असताना ज्या घरात सून सर्वांमागून जेवते व उरलेसुरले खाते, त्या घरी गर्भातील बाळाला अवर्षणच भेटते.

पुण्याच्या त्या अभ्यासातील एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. आईने एकंदर किती अन्न खाल्ले, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे तिच्या खाण्यात किती वेळा आली, याचा मात्र दिसला. हे २००१ साली प्रसिद्ध झाले. पोकळा, मेथी, पेलाभर दूध आणि एक केळे: ज्या जिल्ह्यातून केळी गाड्या भरभरून परमुलखी जातात, तेथे या यादीत न परवडणारे असे काय आहे? अडचण पैशाची असते त्याहून अधिक वेळा पंक्तीच्या क्रमाची असते.

ज्यांचे कोठार आधीच बांधून झाले आहे, त्या आपल्यासारख्या प्रौढांनाही हा इतिहास निराश करीत नाही. कणगी रोज हलते, हे शोनहायमरने दाखविलेच आहे. मग यकृताच्या ओसरीवरची पोतीही हलविता येतात. लठ्ठ माणसाने आपले वजन शेकडा सात ते दहा इतके उतरविले तर यकृतातील मेद व सूज ही दोन्ही बऱ्याच अंशी ओसरतात, असे वैद्यकाचा अनुभव सांगतो. सडपातळ माणसाने चालणे व अंगमेहनत करून स्नायू राखावेत, गोड बेतात ठेवावे आणि डॉक्टरांचा अहवाल हसण्यावारी नेऊ नये. या रोगावर पहिले खास औषध अमेरिकेत २०२४ च्या मार्चमध्ये मान्य झाले; परंतु औषधाच्या आधी ताट व पाय यांचा उपयोग करावयाचा, हा क्रम त्याने बदललेला नाही.

शेव्हरलच्या साबणापासून याज्ञिकांच्या छायाचित्रापर्यंतचा हा प्रवास एकच गोष्ट पुनःपुन्हा शिकवितो. मेद शत्रू नाही. तो जेथे असावयास हवा तेथे असला तर संकटातील शिदोरी आहे, आणि जागा सोडून यकृतात शिरला तर आपत्ती आहे. त्याची जागा किती ऐसपैस असावी हे बऱ्याच अंशी आपल्या जन्मापूर्वी आणि बालपणी ठरते. तेव्हा पुढील पिढीचे कोठार नीट बांधावयाचे असेल तर त्याचा पाया आज आपल्या घरातील गरोदर लेकी-सुनांच्या ताटात घातला पाहिजे. त्यांना पहिल्या पंक्तीला बसवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.